एका ‘द’मुळे हुकलेलं नाव

आईला अजूनही वाटतं की मी लेकहेड नावाच्या गावात राहते. युनिव्हर्सिटीचं नाव लेकहेड, ॲडमिशनच्या पत्रावर मोठ्या अक्षरात लेकहेड, मग गाव पण लेकहेडच असणार ना, हे थंडर बे मधेच कुठून आलं, असं तिने तेव्हा विचारलं होतं आणि मला उत्तर देता आलं नव्हतं. आता इथे सात वर्षं झाली. आता उत्तर माहितीये, पण व्हिडिओ कॉलवर सांगायला घेतलं की नेटवर्क जातं नाहीतर तिच्या दारावर कोणीतरी येतं, म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतेय, तिच्यासाठी पण आणि कॅनडा म्हटलं की ज्यांना टोरोंटो नाहीतर व्हँकूवरच आठवतं त्यांच्यासाठी पण.

तर थंडर बे. ओंटारियो प्रांताच्या वायव्येला, लेक सुपीरियरच्या काठावर. सुपीरियरला तलाव म्हणायला माझी जीभ अजून वळत नाही, क्षेत्रफळाने ते जगातलं सगळ्यात मोठं गोड्या पाण्याचं सरोवर आहे, ८२ हजार चौरस किलोमीटर, जहाजं बुडालीयेत त्यात. टोरोंटो याच प्रांताची राजधानी पण रस्त्याने १४०० किलोमीटर लांब, आणि शेजारच्या प्रांतातलं विनिपेग ७०० वर. २०२१ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या १,०८,८४३ आली, म्हणजे आपल्या डोळ्यांना लहानच गाव. आणि एवढ्या लहान गावाला दोन डाउनटाउन आहेत.

हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. एका मैत्रिणीने डाउनटाउनच्या बस टर्मिनलवर भेटू म्हणून सांगितलं, मी वॉटरफ्रंटच्या टर्मिनलवर जाऊन थांबले, ती सिटी हॉलच्या टर्मिनलवर थांबली, मध्ये पाच-सहा किलोमीटरचं अंतर, आणि आम्ही दोघी एकमेकींना फोनवर सांगतोय की अगं मी इथेच उभी आहे. शेजारच्या बाकावरच्या बाईंनी ऐकलं आणि मला विचारलं, पोर्ट आर्थर म्हणाली होती का फोर्ट विल्यम? ही दोन्ही नावं मी तोपर्यंत ऐकलेलीच नव्हती. मॅपवर तर फक्त थंडर बे लिहिलेलं असतं.

मॅपवर तसं लिहायला सुरुवात झाली १ जानेवारी १९७० पासून. त्याच्या आदल्या रात्रीपर्यंत इथे फोर्ट विल्यम आणि पोर्ट आर्थर अशी दोन वेगवेगळी शहरं होती, दोन महापौर, दोन सिटी कौन्सिल, दोन फायर ब्रिगेड, आणि त्यांना लागून नीबिंग आणि मॅकिन्टायर अशा दोन टाउनशिप, म्हणजे शहराबाहेरचे ग्रामीण भाग. या चौघांना एकत्र करून एक शहर केलं. १९०७ मध्ये दोघांनाही एकाच वर्षी शहराचा दर्जा मिळाला होता आणि त्यानंतर साठ-बासष्ट वर्षं त्यांनी एकमेकांशी चढाओढ करण्यात काढली, त्यामुळे हे एकत्र येणं म्हणजे काही प्रेमविवाह नव्हता.

दोन गावं इतकी जवळ असून वेगळी का, हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

फोर्ट विल्यम हे जुनं, नदीकाठचं. कॅमिनिस्टिक्विया नदी सुपीरियरला मिळते तिथलं. (इथले लोक नुसतं कॅम म्हणतात आणि मी पण तेच म्हणते.) नॉर्थ वेस्ट कंपनी नावाची कातड्यांचा व्यापार करणारी मोठी कंपनी होती, तिने १८०३ मध्ये आपलं मुख्य ठाणं इथे आणलं, आणि १८०७ मध्ये कंपनीचे मुख्य असलेल्या विल्यम मॅकगिलिव्हरेंच्या नावावरून त्याला फोर्ट विल्यम म्हणायला लागले. दर जुलैमध्ये मॉन्ट्रियलकडून माल भरलेल्या मोठ्या कनू, म्हणजे वल्ह्यांच्या होड्या, यायच्या आणि पश्चिमेकडून, पार अथाबास्कापासून, बीव्हरच्या कातड्यांनी भरलेल्या छोट्या कनू यायच्या, काही आठवडे हजारभर माणसं इथे जमायची, देवघेव, हिशोब, नाच, मारामाऱ्या, आणि मग बर्फ पडायच्या आत आपापल्या दिशेने परत. १८२१ मध्ये ही कंपनी हडसन्स बे कंपनीत विलीन झाली आणि किल्ल्याची रया गेली. म्हणजे या गावाला विलीनीकरण काही नवीन नाही, पहिलं त्याने १८२१ लाच सोसलंय. आज जो किल्ला पर्यटक बघतात तो नवीन बांधलेला आहे, नदीच्या वरच्या अंगाला, कारण मूळ जागेवर रेल्वेचं यार्ड झालं.

पोर्ट आर्थरची गोष्ट वेगळी. ते धक्क्यावर वसलेलं गाव. १८७० मध्ये कर्नल गार्नेट वोल्स्ली सैन्य घेऊन रेड रिव्हरकडे चालले होते, ते इथे उतरले आणि राणी व्हिक्टोरियाच्या मुलाच्या नावाने या जागेला प्रिन्स आर्थर्स लँडिंग नाव दिलं. त्याच सुमाराला चांदी निघाली. खाडीच्या तोंडाशी सिल्व्हर आयलेट म्हणून एक इवलासा खडक आहे, पाण्याच्या जेमतेम वर आलेला, त्याच्या पोटात १८६८ मध्ये चांदी सापडली, खाण थेट सरोवराच्या तळाखाली गेली, आणि सरोवर आत येऊ नये म्हणून रात्रंदिवस पंप चालू ठेवायला लागायचे. १८८४ मध्ये हिवाळ्याआधी यायचं कोळशाचं जहाज आलंच नाही, कोळसा संपला, पंप बंद पडले, खाण बुडाली. संपलं. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बराच वेळ तेच डोक्यात होतं, एक जहाज उशिरा येतं आणि एवढी मोठी खाण कायमची पाण्याखाली.

आता रेल्वे. माझ्या मते या दोन गावांच्या भांडणाचं मूळ रेल्वेतच आहे. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेनेच १८८३ मध्ये प्रिन्स आर्थर्स लँडिंगचं नाव पोर्ट आर्थर केलं, म्हणजे सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीत होतं, पण मग गावाने कंपनीकडे टॅक्स मागितला, कंपनीने दिला नाही, वाद वर्षानुवर्षं चिघळला आणि १८८९ मध्ये पोर्ट आर्थरने सरळ रेल्वेचं एक इंजिनच जप्त केलं. एवढंसं गाव आणि समोर देशभर रूळ टाकलेली कंपनी! कंपनीने काय केलं, तर आपली माणसं, यार्ड, वर्कशॉप सगळं उचलून शेजारी फोर्ट विल्यमला नेलं. चांदी पण त्याच काळात संपत आलेली. पोर्ट आर्थरमध्ये मंदी आली आणि फोर्ट विल्यमची भरभराट झाली. इथली जुनी माणसं अजून सांगतात की कंपनीचे मोठे साहेब व्हॅन हॉर्न म्हणाले होते, पोर्ट आर्थरच्या रस्त्यांवर गवत उगवलेलं बघेन तेव्हाच मला बरं वाटेल. ते खरंच तसं म्हणाले का हे बाजूला ठेवू, पण सव्वाशे वर्षांहून जास्त काळ ते वाक्य पोर्ट आर्थरच्या घराघरांत सांगितलं गेलं, मुलांना सांगितलं गेलं, हे मात्र खरं आहे. माझी पहिली घरमालकीण हे वाक्य तिच्या आजोबांच्या आवाजात म्हणून दाखवायची.

तिच्याबद्दल सांगायलाच पाहिजे कारण मला हे गाव कळलं ते तिच्यामुळे. मी पहिली दोन वर्षं तिच्या बेसमेंटमध्ये राहिले, वय सत्तरच्या जवळ, एकटीच, पोर्ट आर्थरची, आणि पोर्ट आर्थरची असं ती आजही स्वतःहून सांगते. थंडर बेची आहे असं तिच्या तोंडून मी एकदाही ऐकलं नाही. तिच्याशी बोलताना मी नाव घेऊनच बोलते, इथे तशीच पद्धत आहे, पण मनातल्या मनात मी तिला आजीच म्हणते. या आजीने मला नावाच्या मतदानाची गोष्ट सांगितली.

झालं असं की दोन्ही शहरं एकत्र करायचा निर्णय प्रांत सरकारने कायदा करून घेतला. पोर्ट आर्थरचे महापौर सॉल लास्किन यांनी ही मागणी लावून धरली होती, आणि नवीन शहराचे पहिले महापौर पण तेच झाले. (त्यांचे भाऊ बोरा लास्किन, जन्म फोर्ट विल्यमचा, पुढे कॅनडाचे सरन्यायाधीश झाले, आणि इथल्या लॉ कॉलेजला त्यांचंच नाव आहे.) मग प्रश्न आला की नवीन शहराचं नाव काय. एकाचं नाव ठेवलं तर दुसरं पेटणार, त्यामुळे दोन्ही जुनी नावं बाद. २३ जून १९६९ ला लोकांनी मतदान केलं. मतपत्रिकेवर तीन पर्याय होते. थंडर बे. लेकहेड. आणि तिसरा, द लेकहेड.

हो, खरंच. एक नुसतं लेकहेड आणि एक त्याच्याआधी इंग्रजीतला ‘द’ लावलेलं लेकहेड. मराठीत हा ‘द’ येतच नाही त्यामुळे आईला हे समजावताना मी अडकते, तिच्यासाठी ते दोन्ही एकच आहेत, आणि खरं सांगायचं तर मतदान करणाऱ्या लोकांसाठीही एकच होते. लेकहेड म्हणजे सरोवराचं टोक, जिथून पुढे जहाज जात नाही ती जागा. या सगळ्या भागाला लोक पिढ्यानपिढ्या बोलताना द लेकहेड असंच म्हणायचे, आम्ही लेकहेडचे, असं. दोन्ही गावांना सामावणारं एकच नाव सगळ्यांच्या ओठावर आधीपासून होतं.

निकाल लागला. थंडर बे, १५,८७०. लेकहेड, १५,३०२. द लेकहेड, ८,३७७.

बेरीज करून बघा. लेकहेड हे नाव कुठल्या ना कुठल्या रूपात हवं असणारे २३,६७९ लोक होते आणि थंडर बे हवं असणारे १५,८७०. आणि नाव पडलं थंडर बे, ५६८ मतांनी. आजी तेव्हा शाळेत होती. तिच्या वडिलांनी नुसत्या लेकहेडला मत दिलं कारण त्यांना ते सुटसुटीत वाटलं, आईने ‘द’वाल्याला दिलं कारण आपण बोलतो तसंच लिहावं असं तिचं म्हणणं, आणि निकाल आला त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. एका घरातली दोन मतं, एकाच नावाला, आणि तरी वेगवेगळी. आजी म्हणते मुद्दाम मतं फोडायलाच दोन पर्याय ठेवले होते, असं तेव्हा पुष्कळ लोकांना वाटायचं आणि तिला आजही वाटतं. मला कोणाच्या मनातलं माहीत नाही, पण ज्याने कोणी ती मतपत्रिका तयार केली त्याच्या लक्षात हे यायला हवं होतं, एवढं मी नक्की म्हणेन. पन्नास वर्षांहून जास्त काळ झाला आणि लोक अजून आकड्यासकट हे सांगतात.

युनिव्हर्सिटीला मात्र १९६५ मध्येच लेकहेड नाव मिळालं होतं, शहर एकत्र व्हायच्या पाच वर्षं आधी, त्यामुळे हरलेलं नाव तिथे शाबूत राहिलं. आई, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

एकत्र झाल्यावर काय झालं? कागदावर बरंच झालं. सिटी हॉल एकच, आणि ते फोर्ट विल्यमच्या डाउनटाउनमध्ये. पोलिस एक झाले. हॉस्पिटलं एक व्हायला बरीच वर्षं लागली, पोर्ट आर्थरचं जनरल आणि फोर्ट विल्यमचं मॅकेलर बंद होऊन २००४ मध्ये मोठं रीजनल हॉस्पिटल सुरू झालं, दोघांच्या मधल्या भागात. पण बाकीचं बघत गेलं की जोड्याच सापडतात. फोर्ट विल्यम स्टेडियम आणि पोर्ट आर्थर स्टेडियम. फोर्ट विल्यम कर्लिंग क्लब आणि पोर्ट आर्थर कर्लिंग क्लब (कर्लिंग हा बर्फावर दगड सरकवायचा खेळ). ब्रोडी स्ट्रीटची जुनी लायब्ररी तिकडे, वेव्हर्ली लायब्ररी इकडे. दोन देखणी रेल्वे स्टेशनं, आणि दोन्हीकडे एकही पॅसेंजर गाडी येत नाही कारण १९९० पासून ती उत्तरेच्या दुसऱ्या लाइनवरून जाते, याचं मला फार वाईट वाटतं. ज्या रेल्वेवरून एवढी भांडणं झाली ती माणसांना घेऊन येणारी रेल्वेच आता इथे नाही, मालगाड्या तेवढ्या जातात.

चढाओढीचा फायदाही झालाय, हे पण लिहायला पाहिजे. पोर्ट आर्थरने १८९२ मध्ये स्वतःची विजेची ट्राम सुरू केली, म्हणजे तेव्हा हे अगदी नवं गाव होतं. १ जुलै १९०८ ला पोर्ट आर्थरने उन्हाळ्यासाठी घड्याळं एक तास पुढे केली, जर्मनीने आणि बाकी देशांनी ते १९१६ मध्ये केलं, म्हणून डेलाइट सेव्हिंग जगात सगळ्यात आधी इथे झालं असं मानतात. मग १९०९ मध्ये पर्यटकांसाठी स्टेशनसमोर एक छोटासा घुमटवाला पॅगोडा बांधला, जहाजातून आणि गाडीतून उतरलेला माणूस शेजारच्या गावात जायच्या आत आपल्याकडे यावा म्हणून. तो पॅगोडा अजून आहे. उन्हाळ्यात तिथे माहितीपत्रकं मिळतात.

दोन्ही गावांच्या मध्ये पूर्वी दलदलीची, सखल जमीन होती, तिथे आता इंटरसिटी नावाचा भाग आहे. मॉल, मोठमोठी दुकानं, प्रचंड पार्किंग, मेमोरियल ॲव्हेन्यूवर एकामागे एक फास्ट फूड. एकत्रीकरणानंतर गावाचा खरा मध्य हाच झाला असं म्हणतात आणि हिशोबाने ते बरोबर आहे, पण मला तो भाग कधीच आवडला नाही, तो कॅनडातल्या कुठल्याही गावात उचलून ठेवता येईल. आणि त्याने दोन्ही डाउनटाउनचं गिऱ्हाईक ओढून घेतलं. फोर्ट विल्यमच्या व्हिक्टोरिया ॲव्हेन्यूच्या परिसरात चालताना बंद काचा दिसतात ना, तेव्हा वाटतं की दोघं भांडत होते तोपर्यंत दोघांची दुकानं तरी चालू होती. पोर्ट आर्थरकडे गेल्या काही वर्षांत जरा जीव आलाय, मरिना पार्क छान केलंय, अल्गोमा स्ट्रीटवर कॅफे आहेत.

अल्गोमा आणि बे स्ट्रीटचा कोपरा म्हणजे फिनिश लोकांचा भाग. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फिनलंडहून पुष्कळ लोक इथे आले, जंगलतोडीच्या कामावर, गोदीत, रेल्वेवर. त्यांनी १९१० मध्ये फिनिश लेबर टेंपल बांधलं, कामगारांचं सभागृह, आणि १९१८ मध्ये त्याच्या तळघरात कामगारांना स्वस्तात पोटभर जेवण मिळावं म्हणून सगळ्यांनी पैसे घालून होइटो नावाची खानावळ काढली. पातळ, मोठे, कडा कुरकुरीत असलेले पॅनकेक. मी आजीबरोबर तिथे जेवलेय. २२ डिसेंबर २०२१ ला त्या इमारतीला आग लागली आणि ती जवळजवळ सगळी गेली. आजी फोनवर रडत होती. ती फिनिश नाहीये.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर पर्शियन. हा पदार्थ इथला, नावाचा इराणशी संबंध नाही, जनरल पर्शिंग यांच्या नावावरून आलं असं सांगतात. दालचिनीचा तळलेला गोड पाव, त्यावर गुलाबी आयसिंगचा जाड थर. ते आयसिंग स्ट्रॉबेरीचं की रास्पबेरीचं यावर इथे गंभीर चर्चा होतात आणि बेकरी सांगत नाही. मला विचाराल तर रास्पबेरी.

फोर्ट विल्यमकडचं मला सगळ्यात आवडतं काय तर कॅन-कारचा कारखाना. दुसऱ्या महायुद्धात तिथे हॉकर हरिकेन विमानं बनली, एकूण १,४५१, आणि तिथल्या मुख्य इंजिनियर होत्या एल्सी मॅकगिल नावाच्या बाई, पोलिओमुळे काठीच्या आधाराने चालणाऱ्या. कारखान्यात कामाला शेकडो बायका होत्या. मालक बदलत गेले, बोंबार्डियर झालं, आता अल्स्टोम, आणि टोरोंटोच्या नव्या ट्राम इथल्याच. टोरोंटोला गेले की मी मुद्दाम ट्रामने फिरते, आत बसल्यावर उगाचच बरं वाटतं.

धान्याचं थोडक्यात सांगते. पश्चिमेच्या गवताळ प्रदेशातला गहू रेल्वेने इथे यायचा आणि इथून जहाजाने जगभर जायचा, एके काळी धान्य चढवणारं जगातलं सगळ्यात मोठं बंदर म्हणून हे ओळखलं जायचं. किनाऱ्यावरचे धान्य साठवायचे ते काँक्रीटचे उंच एलिव्हेटर अजून आहेत, काही चालू, काही रिकामे.

आणि आता ते, जे आजीने सांगितलं नाही, जे मला उशिरा कळलं.

कॅम नदीच्या पलीकडे, माउंट मॅकेच्या पायथ्याशी फोर्ट विल्यम फर्स्ट नेशन आहे. अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांची वस्ती (कॅनडात अशा मूळनिवासी समाजांना फर्स्ट नेशन म्हणतात). ही सगळी भूमी मुळात त्यांची. १८५० मध्ये रॉबिन्सन-सुपीरियर करार झाला आणि त्यांना थोडी जमीन राखून ठेवली, त्यातलीही चांगली, नदीच्या मुखाजवळची जमीन १९०५ मध्ये ग्रँड ट्रंक पॅसिफिक रेल्वेसाठी घेतली आणि वसलेली घरं उठवून लोकांना दुसरीकडे हलवलं. दोन शहरं आणि दोन टाउनशिप एकत्र झाल्याची गोष्ट आपण सांगतो तेव्हा नदीपलीकडचा हा समाज त्या गोष्टीत नसतोच. तो शहरात विलीन झाला नाही, तो वेगळा आहे, त्याचं स्वतःचं कौन्सिल आहे, आणि तो इथे सगळ्यांच्या आधीपासून आहे.

मधल्या पुलाची गोष्ट मला यासाठीच महत्त्वाची वाटते. जेम्स स्ट्रीटचा स्विंग ब्रिज, १९०८ चा, रेल्वेने बांधलेला, त्यावरून आगगाड्या पण जायच्या आणि मोटारी, माणसं पण. १९०६ मध्ये फोर्ट विल्यम गावाने रेल्वेशी करार केला होता की पुलावरची वाहतूक कायम चालू ठेवायची. २०१३ मध्ये पुलाला आग लागली. रेल्वेची वाहतूक लवकरच सुरू झाली, पण मोटारींसाठी तो बंदच ठेवला, आणि फर्स्ट नेशनच्या लोकांना शहरात यायला हायवेने मोठा वळसा घालावा लागायला लागला, दवाखाना, शाळा, किराणा, सगळ्यासाठी. शहर कोर्टात गेलं. प्रश्न हा की एका आता अस्तित्वात नसलेल्या गावाने आता अस्तित्वात नसलेल्या रेल्वे कंपनीशी केलेला करार अजून बांधील आहे का. अपील कोर्टाने सांगितलं, आहे. २०१९ च्या शेवटी पूल मोटारींसाठी परत उघडला. सहा वर्षं! मी इथे आले तेव्हा तो बंद होता आणि आजी मला सांगायची की तो रस्ता आता नाहीये, जशी काही नदी तिथेच संपते.

आणि याहून जड गोष्ट आहे ती. उत्तरेकडच्या दूरच्या फर्स्ट नेशन वस्त्यांमध्ये बऱ्याच ठिकाणी हायस्कूल नाही, म्हणून तिथली मुलं चौदा-पंधराव्या वर्षी घर सोडून थंडर बेला शिकायला येतात, अनोळखी लोकांच्या घरी राहतात. २००० ते २०११ या काळात अशी सात मुलं इथे मृत्यू पावली, त्यातली पाच नदी-नाल्यांत सापडली. त्याची चौकशी २०१६ मध्ये संपली आणि १४५ शिफारशी केल्या गेल्या. २०१८ मध्ये इथल्या पोलिसांच्या कामावर अहवाल आला, त्यात संस्थेच्या पातळीवर वंशभेद आहे असं स्पष्ट लिहिलं गेलं. मी पण शिकायलाच घर सोडून इथे आले होते. माझं वय तेवीस होतं, हातात पासपोर्ट होता, रोज आईशी बोलत होते, आणि तरी पहिल्या हिवाळ्यात संध्याकाळी साडेपाचला अंधार झाला की पोटात खड्डा पडायचा. चौदा वर्षांच्या मुलाचं काय होत असेल. मॅकिन्टायर नदी आमच्या युनिव्हर्सिटीच्या आवारातूनच वाहते, मी रोज त्यावरून जायचे, आणि हे कळल्यावर त्या पाण्याकडे पूर्वीसारखं बघता येईना.

यामुळे नावाबद्दलचं माझं मत हळूहळू बदललं. आधी मला आजीसारखंच वाटायचं, लेकहेडवर अन्याय झाला. आकड्यांनी बघितलं तर झालाच. पण थंडर बे हे नाव आलं कुठून? अनिशिनाबे लोक या खाडीला गडगडाटाची खाडी अशा अर्थाच्या नावाने ओळखायचे, अनिमिकी म्हणजे मेघगर्जना करणारा गरुडपक्षी, फ्रेंच व्यापाऱ्यांनी त्याचं भाषांतर करून बे द्यु तोनेर केलं, आणि इंग्रजांनी थंडर बे. म्हणजे फोर्ट विल्यम कंपनीच्या माणसाचं नाव, पोर्ट आर्थर राणीच्या मुलाचं नाव, लेकहेड जहाजवाल्यांचं नाव, आणि ज्यांची ही भूमी त्यांच्या शब्दातून आलेलं नाव या सगळ्यांत एकच. ते जिंकलं पाहिजे होतं म्हणून जिंकलं नाही, मतं फुटली म्हणून जिंकलं. पण जिंकलं ते मला आज बरं वाटतं. आजीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, असू दे, पण ‘द’ नको होता.

शहर दहा वर्षांचं असताना हे नाव देशभर सगळ्यांच्या तोंडी झालं ते टेरी फॉक्समुळे. कॅन्सरमध्ये एक पाय गमावलेला मुलगा, कॅन्सरच्या संशोधनासाठी पैसे जमवायला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यापासून पळत निघालेला, रोज जवळजवळ मॅरेथॉनएवढं अंतर. १४३ दिवस आणि ५,३७३ किलोमीटर झाल्यावर, १ सप्टेंबर १९८० ला, थंडर बेच्या अलीकडे त्याला थांबावं लागलं, कॅन्सर फुफ्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, २२ वर्षांचा. हायवेवर त्याचा पुतळा आहे, तोंड पश्चिमेकडे. आजी सांगते त्या आठवड्यात पोर्ट आर्थर आणि फोर्ट विल्यम असं कोणी बोलत नव्हतं, सगळ्यांच्या तोंडी थंडर बेच होतं.

आई येत्या जुलैमध्ये येतेय, पहिल्यांदाच. विमानतळ फोर्ट विल्यमच्या बाजूला आहे, म्हणजे ती उतरेल तिकडे आणि राहील इकडे, कारण मी आता पोर्ट आर्थरमध्ये घर घेतलंय. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हिलक्रेस्ट पार्कमध्ये नेणार, टेकडीच्या कडेला बाग आहे, तिथून खाली पोर्ट आर्थर, बंदर आणि समोर खाडीत आडवा पडलेला स्लीपिंग जायंट दिसतो, छातीवर हात ठेवून झोपलेल्या माणसासारखा लांबलचक डोंगर. अनिशिनाबे कथेत तो नानाबिजू, त्याने आपल्या लोकांना चांदीची जागा दाखवली आणि ती गोऱ्यांना कळली तर मी दगड होईन असं बजावलं होतं. मग नदीपलीकडे, स्विंग ब्रिजवरूनच, हायवेने नाही, माउंट मॅकेवर. तिथून दोन्ही गावं एकदम दिसतात. मग घरी. आजीने सांगून ठेवलंय की आईला तिच्याकडे जेवायला आणायचं, आणि त्या दोघींसाठी भाषांतर मलाच करायचं आहे, म्हणून ‘द’ कसा समजवायचा याचा मी आत्तापासून विचार करतेय.